ए आणि आर असलेले शब्द

□ □ □ □ □

पाच अक्षरी इंग्रजी शब्द. प्रत्येकात ए हवा, आर हवा. अनेकवचन चालणार नाही. माणसाचं किंवा गावाचं नाव चालणार नाही. सर्वांत जास्त अचूक शब्द पाठवणाऱ्यास आमच्या शालेय पुस्तकांसाठी शब्द गोळा करण्याचं काम घरबसल्या मिळेल. पुस्तकाच्या पहिल्या पानावर संकलकाचं नाव छापलं जाईल. स्पर्धकानं आपलं नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे लिहावं.

पंच्याण्णव सालच्या ऑक्टोबरात ही जाहिरात आमच्या घरी आली ती भज्यांखाली. माझे यजमान कुलदीप कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर कामाला. त्यांनी भजी खाल्ली. मी कागद ठेवून घेतला.

एकच ओळ मी तीनदा वाचली. काम मिळेल ही नव्हे. नाव छापलं जाईल ही.

गुणपत्रिकेवर माझं नाव उत्कर्षा सिताराम घोरपडे असं आहे. इंग्रजीत शंभरपैकी चौऱ्याऐंशी. त्या वर्षी आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या शाळेत तेवढे कुणालाच नव्हते. फळ्यावर खडूनं नाव लिहिलं होतं माझं. दुसऱ्या दिवशी पुसून त्या जागी वर्गणीची सूचना लिहिली.

त्याच्या चार वर्षं आधी लग्न झालं होतं, आणि तेव्हापासून सासरी ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. माहेरी गेले की आई चुकून हाक मारायची, तर वडील तिला दटावायचे, "आता ती त्यांची हाय. त्यांनी ठेवलंय त्या नावानं बोलव."

त्यांनी ठेवलंय ते नाव पायल.

प □ □

हे नाव कसं आलं तेही सांगते. कोडंच होतं.

भटजींनी पत्रिका बघून सांगितलं, "नवरीचं नाव प अक्षरावरून ठेवा." मांडवाच्या मागच्या खोलीत सासरची माणसं बसली. मी भिंतीपलीकडे होते, मुंडावळ्या बांधून. सगळं ऐकू येत होतं.

"पल्लवी," नणंद म्हणाली.

"नको गं बाई, जोडाक्षर नको. माझी जीभ वळत नाय." ही माझी सासू, वेणूबाई.

"प्रतिभा."

"अगं तेच सांगतेय की मी मगाधरनं! आणि तीन अक्षरांच्या वर पण नको. हाक मारस्तोवर दूध उतू जायचं."

"पूनम?"

"पूनम म्हादूच्या म्हशीचं नाव हाय."

सगळे हसले. मग कुणीतरी पायल म्हणालं. प पहिला, तीन अक्षरं, जोडाक्षर नाही, म्हैस नाही. बसलं. कुलदीपनी ताटातल्या तांदळात अंगठीनं ते लिहिलं. लोकांनी वाकून वाचलं, टाळ्या वाजवल्या. पेढे वाटले. तांदूळ परत पोत्यात गेले.

उत्कर्षा पण तीनच अक्षरी आहे. पण जोडाक्षर दोन.

ए □ □ आर □

शब्द आठवत बसलं की आठवत नाहीत. पहिल्या आठवड्यात माझे सदतीस झाले आणि गाडी थांबली. वॉटर, पेपर, चेअर, ब्रेड. म्हणजे घरात जे समोर दिसतं तेच.

मग मी पद्धत काढली. पाच घरं. ए एका घरात बसवायचा, आर दुसऱ्या. असं किती तऱ्हांनी होतं? वीस. पहिल्या घरात ए आणि दुसऱ्यात आर. पहिल्यात ए आणि तिसऱ्यात आर. असं करत करत वीस. त्या तऱ्हांनाही मी घरंच म्हणायची. एकेका तऱ्हेला एकेक कागद. कागद म्हणजे काट्यावरच्या रद्द पावत्या, कुलदीप चूल पेटवायला आणायचे. पुढच्या बाजूला ट्रकचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन. मागची बाजू माझी.

ए पहिला, आर चौथा: अलार्म. अवॉर्ड. अलर्ट. अपार्ट.

ए दुसरा, आर तिसरा: मॅरी, म्हणजे लग्न करणे. कॅरी, म्हणजे वाहून नेणे. हार्श, म्हणजे कठोर. हे तीन एकाच पावतीवर, एकाखाली एक. मी मुद्दाम लिहिले नव्हते. सुचले तसे आले.

आर पहिला, ए चौथा: रॉयल, रूरल, रायव्हल.

आर पहिला, ए शेवटचा: काही नाही. शेजारच्या मालतीबाईंच्या मुलाची खिशातली डिक्शनरी मी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचली. ते घर रिकामंच राहिलं.

भाकरी थापताना अक्षरं फिरायची. नळावर हंडा भरताना फिरायची. हंडा भरून वाहायला लागला की मागच्या बायका ओरडायच्या, "ओ पायल! लक्ष कुठंय? नवऱ्यानं मारलं काय?" मी म्हणायची, "नाय हो, शब्द सापडला." पुढं त्या मला बघितलं की आपसात कपाळाशी बोट फिरवायच्या.

सासूबाईंना लिहिलेलं दिसलं की विचारायच्या, "कुणाला पत्र लिवती?"

"पत्र नाही आत्याबाई, कोडं आहे."

"सुटल्यावर काय मिळतंय?"

"नाव."

"नाव हाय की तुला."

दोनशे एकसष्ट शब्द झाले. पाठवले. पाकिटावर डाव्या कोपऱ्यात लिहिलं, उत्कर्षा सिताराम घोरपडे, आणि पत्त्यात कुलदीप मांढरे यांचे घरी. चार वर्षांत ती सही मी एकदाही केली नव्हती.

कागदपत्रे

१. गुणपत्रिका. उत्कर्षा सिताराम घोरपडे.

२. रेशनकार्ड. पायल कुलदीप मांढरे. नातं: पत्नी.

३. दोन्ही बायका एकच असल्याचा पुरावा:

ही तिसरी ओळ रिकामी राहिली.

निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा कुलदीप खूश होते, खोटं कशाला बोलू. स्वतः मला वाशीला घेऊन गेले, अर्धा दिवस खाडा करून. प्रकाशनाची कचेरी म्हणजे एका इमारतीच्या पोटमाळ्यावरची लांबोळी खोली, अर्ध्यात पुस्तकांचे गठ्ठे, अर्ध्यात टेबल. टेबलामागे हौसेराव सर. पांढरा सफारी, वर चष्मा, बोलणं साखरेचं.

"दोनशे एकसष्ट! दुसऱ्या नंबरला नव्वद आहेत, बाई. एम.ए. झालेला माणूस आहे तो. तुम्ही केलंत कसं?"

मी वीस घरं सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ऐकलं. लग्नानंतर माझं बोलणं पेन खाली ठेवून ऐकणारा हा पहिला माणूस. म्हणून सांगून ठेवते.

मग त्यांनी कागद बघितले. "हे उत्कर्षा कोण?"

"मीच."

"आणि रेशनकार्डावर पायल कोण?"

"तीपण मीच."

"पुरावा?"

मी लग्नपत्रिका काढली. त्यावर चि. सौ. कां. उत्कर्षा असं सोनेरी अक्षरात छापलेलं. सरांनी ती उजेडात धरली, मागून बघितली.

"बाई, पत्रिका कुणीही छापतो. आम्हीच छापतो." स्वतःच हसले. "पनवेलला कोर्टात जाऊन प्रतिज्ञापत्र करावं लागेल. मांढरेसाहेबांनी हजर राहून लिहून द्यायचं, की पत्नीचं पूर्वीचं नाव अमुक. दोनतीन खेपा होतील."

कुलदीप म्हणाले, "सर, काट्यावर रजा नाय मिळत. आजचाच खाडा लय झाला."

"मग कशाला टेन्शन घेता? तुमच्याच नावानं करू. कुटुंबप्रमुख तुम्हीच. पुस्तकावर पण तुमचंच टाकू, संकलक कुलदीप मांढरे. नाहीतरी नाव त्या तुमचंच लावतात ना?"

"पण मला कुठं इंग्रजी येतंय, सर?"

"कुणाला येतं हो?"

मी म्हणाले, "जाहिरातीत लिहिलं होतं, गुणपत्रिकेवरचं नाव छापणार."

सर माझ्याकडे बघून गोड हसले. "बाई, घरात आलं म्हणजे झालं. ताटात वाढलेलं कुणाच्या हातानं खाल्लं, पोटाला काय कळतं?"

कुलदीपनी माझ्याकडं बघितलं. दोन खेपांचा प्रश्न होता. दोन दिवसांचा खाडा. मी त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली, वळणदार, खाली दोन टिंबं देऊन. जिना उतरताना म्हणाले, "अगं, काम तर मिळालं ना? पनवेलला जाऊ की पुढं कधी. नाव काय पळून जातंय का?"

पुढं कधी म्हणजे कधी, हे मी चार वेळा विचारलं. पाचव्यांदा नाही विचारलं.

श्री. □ □ □ □

चार अक्षरी शब्दांचा पहिला भाग शहाण्णवच्या जूनमध्ये आला. आतल्या पानावर: संकलक, श्री. कुलदीप सयाजी मांढरे.

काट्यावर त्यांना डिक्शनरी म्हणायला लागले. ट्रकवाले वजन करता करता विचारायचे, "क्या डिक्शनरी, आज कौन सा वर्ड?" आधी त्यांना लाज वाटायची. घरी येऊन सांगायचे, "साले मस्करी करतात." दिवाळीपर्यंत लाज गेली. सफारी शिवली.

गल्लीतली पोरं गृहपाठ घेऊन यायची. ते दारात खुर्ची टाकून बसायचे आणि आत आवाज द्यायचे, "पायल, जरा बघ गं, मी दमलोय."

गणपतीत मंडळानं सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि प्लास्टिकचा सोनेरी पेन. मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर. कुलदीप माईकसमोर उभे राहिले, कापऱ्या आवाजात सुरू केलं आणि हळूहळू आवाज चढला.

"शब्द म्हणजे काय, तर साधना आहे. मी एकेका शब्दासाठी रात्रंदिवस झटलो. (टाळ्या.) कधी जेवताना शब्द सुचतो, कधी काट्यावर. माझ्या यशात घरच्यांचापण वाटा आहे. त्यांनी मला कधी डिस्टर्ब केलं नाही." (टाळ्या.)

शेजारी मालतीबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "काय गं, तुझ्या नवऱ्यानं तुझं नाव पण घेतलं नाही!"

"कुठलं घेणार?" मी म्हणाले. त्यांना ते कळलं नाही आणि मी समजावलं नाही.

सासूबाईंनी शाल ट्रंकेत घातली, डांबरगोळ्यांसकट. पाहुणे आले की काढून दाखवायच्या. एकदा त्यांचे भाऊ आले होते. ते म्हणाले, "एवढं इंग्रजी कुलदीप शिकला कधी?"

"रक्तातच हाय," सासूबाई म्हणाल्या. मी चहाचे कप उचलत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात मला कळलं की त्यांना सगळं माहीत आहे. पावत्या त्यांच्याच डोळ्यांसमोर भरल्या होत्या मी. भाऊ गेल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, "बाप्याचं नाव झालं की घराचं होतंय. बाईचं झालं की चार तोंडं विचारत्यात, ही कुठं जात होती म्हणून."

पाच अक्षरी आला. सहा अक्षरी आला. सही त्यांची, पावत्या माझ्या. घरं वाढत गेली. सहात तीस, सातात बेचाळीस, आठात छप्पन्न.

□ □ □ ए आर □ □ □

आठ अक्षरी भागाची रचना अशी होती: प्रत्येक कोड्यात एक ए आणि एक आर छापायचा, बाकी घरं रिकामी. मुलांनी भरायची. अर्थ नाही, चित्र नाही. उत्तरं शेवटच्या पानावर. दोनशे कोडी.

सत्त्याण्णवचा जानेवारी. कोडं क्रमांक एकशे अठरा. चौथा ए, पाचवा आर. मी उत्तराच्या रकान्यात लिहायला गेले आणि हातानं भलतंच लिहिलं. हातानं लिहिलं असं म्हणणं सोयीचं आहे. मीच लिहिलं. बोटं मोडून अक्षरं मोजली, दोनदा.

यू टी के ए आर एस एच ए.

आठ. चौथा ए, पाचवा आर. वजनकाट्यासारखं बरोबर बसलं.

माणसाचं नाव चालणार नाही, हा नियम मला पाठ होता. खोडायला पेन टेकवलं आणि उचललं. म्हटलं, हौसेराव सर तपासतील. त्यांनी खोडलं तर खोडलं. त्यांनी तपासलं नाही. छापखान्यात अक्षरं जुळवणारा जुळारी होता, त्यानं जसंच्या तसं जुळवलं. कुलदीपनी तर मुखपृष्ठापुढचं पान कधीच उलटलं नव्हतं.

मार्चमध्ये पुस्तक आलं. शेवटच्या पानावर, तिसऱ्या रकान्यात, वरून अठरावं. छोट्या ठशात. मोठ्ठं काही नव्हतं. दुपारी सासूबाई झोपल्या की मी पुस्तक उघडून ते बघायची. वर काय, खाली काय तेही पाठ झालं. वर स्क्वेअरली, खाली पोलॅरिटी. मधे मी.

तीन आठवडे गेले. चौथ्यात कुलदीप भर दुपारी घरी आले. काट्याच्या वेळेत ते कधी येत नसत.

"मंगळवेढ्याच्या मास्तरचं पत्र आलंय कचेरीत. एकशे अठरा नंबरचा शब्द कुठल्याच डिक्शनरीत नाही म्हणतोय. पोरं अर्थ विचारतात. सरांचा काट्यावर फोन होता." त्यांच्या हातात पुस्तक होतं, शेवटच्या पानात बोट घातलेलं. "यू, टी, के..." ते हळूहळू जुळवत गेले, पोरांसारखे. मग थांबले. "हे तर तुझं..."

"काय माझं?"

"तुझं... आधीचं."

"वाचता आलं की तुम्हाला."

"लोक काय म्हणतील? पुस्तकावर नाव माझं आहे, पायल! हसतील सगळे. काट्यावर हसतील!"

सासूबाई उठून बसल्या होत्या. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, इंग्रजी येत नसताना त्या पानावर बोट फिरवलं. "कुठलं? हे?" त्यांचं बोट तीन ओळी वर होतं. मी ते धरून खाली आणलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग पुस्तक मिटलं. "कशाला गं केलंस असलं?" असं म्हणाल्या, पण रागानं नाही.

दुसऱ्या दिवशी वाशीला. तीच खोली. हौसेराव सरांनी बसायला सांगितलं नाही.

कुलदीप एका दमात बोलले. "सर, यादी ही करते. सगळी हीच करते, पहिल्यापासून. मला इंग्रजी येत नाही सर, मी नुसती सही करतो. हे नाव हिचं आहे. लग्नाआधीचं. हिनंच घातलंय."

दीड वर्ष हीच वाक्यं मी मनात कितीदा रचली होती. मंडळाच्या माईकवर, पाहुण्यांसमोर, गल्लीत. आली ती अशी. पंखा फिरत होता आणि ते घामानं भिजले होते.

"ते मला माहीत आहे हो," सर म्हणाले. "तुम्ही जा कामावर, मांढरेसाहेब."

ते गेले. खरंच गेले.

सर माझ्याकडं वळले. "काय बाई? हे खरं?"

"हो. माझंच नाव आहे. मीच घातलं."

"पटलं आता मला, तुम्ही दोघी एकच," ते म्हणाले, आणि त्यांना आपला विनोद आवडला. मग साखर संपली. "अकराशे प्रती इथं पडल्यात. फेकू का? गेल्यात त्या शाळांना पत्रं पाठवायची, त्याचा खर्च कुणी करायचा? पट्टी छापून घेतो. उत्तरावर चिकटवायची. तुम्ही बसून चिकटवायच्या, सगळ्या. आणि पुढच्या भागाचं काम बंद. शब्द तेवढा सांगा, आत्ता. आठ अक्षरं, चौथा ए, पाचवा आर. दुसरं बसेल असं."

मला शोधावं लागलं नाही. छप्पन्न घरांतलं ते घर मला अंधारातही सापडलं असतं. कावर्डली, म्हणजे भेकड. सेपरेट, म्हणजे वेगळं. हिलॅरिटी, म्हणजे खदखदून हसणं. तिन्ही ओठांपाशी आले. ते उच्चारले असते तर सरांना वाटलं असतं मी काहीतरी बोलतेय.

"अ‍ॅक्वेरियम," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मासे ठेवायची काचेची पेटी."

"वा. छान आहे. मुलांना आवडेल." त्यांनी लिहून घेतलं. स्पेलिंग मीच सांगितलं.

पुढचे तीन दिवस मी कळंबोलीहून बसनं वाशीला जात होते. गठ्ठे बांधायला पुतळाबाई होत्या, शिरवण्याच्या. त्यांच्या शेतावर आता नवी मुंबईचे सेक्टर उभे होते. मी पुस्तक उघडायची, ब्रशनं डिंक लावायची, पट्टी ठेवायची, अंगठ्यानं दाबायची. त्या सुतळी ओढायच्या. पहिल्या दिवशी पट्ट्या वाकड्या बसत होत्या. दुसऱ्या दिवसापासून न बघताच सरळ बसायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी पुतळाबाईंनी एक पुस्तक उचललं, माझ्या हातातली पट्टी अजून बसायची होती तिथं वाकून बघितलं.

"काय हाय गो हिथं? कोनाचा नाव हाय का?"

"नाही," मी म्हणाले. "छपाईत चुकलं होतं."

"मंग हान की पट्टी बिगी बिगी. गठ्ठा अडलाय माझा."

मी पट्टी लावली.